दिव्याजवळची वही

वैशाखातले ऊन सकाळी आठालाच अंगावर येते. रुग्णालयाच्या पोर्चमध्ये आज मात्र त्याआधीच पाणी शिंपडलेले असते. रात्रपाळी संपवून निघालेल्या दोघीतिघींनी घरी जाता जाता रांगोळीवर शेवटचा हात फिरवलेला असतो, आणि मेट्रनच्या खोलीसमोर टेबलावर पांढरी चादर अंथरून तिच्यावर हार घातलेली तसबीर आणि शेजारी समई मांडलेली असते. 12 मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, आणि 1974 पासून जगभरचा परिचारिका दिन. दरवर्षी येणारा हा दिवस दरवर्षी साधारण असाच उजाडतो. दीपप्रज्वलन होते, शपथ होते, वरिष्ठांचे चार शब्द होतात, प्रत्येकीच्या हाती गुलाबाचे एकेक फूल पडते, आणि साडेनऊच्या आत सगळे आटोपते, कारण राउंड सुरू व्हायचा असतो. तो गुलाब मग ड्रेसिंग ट्रॉलीच्या कडेला, स्पिरिटच्या बाटलीशेजारी, दुपारपर्यंत मान टाकतो.

भाषणांत सेवा, त्याग, करुणा, ममता हे शब्द येतात. ते खोटे नाहीत. आपल्यापैकी ज्याने ज्याने वडिलांच्या खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर एखादी रात्र काढली आहे, त्याला पहाटे तीनच्या सुमारास कॉरिडॉरमधून येणाऱ्या पावलांचा आधार काय असतो हे सांगायला नको. तरीही वर्षानुवर्षे ही भाषणे ऐकताना काहीतरी राहून जाते आहे असे वाटत राहते. सिस्टरचे मन केवढे मोठे, याविषयी आपण भरभरून बोलतो. सिस्टरला काय ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे ते करायची मुभा तिला आहे का, हे या दिवशी कोणी विचारत नाही. गुलाब देऊन विचारण्यासारखा तो प्रश्नही नाही म्हणा.

तसबिरीतल्या बाईंच्या हातात दिवा असतो. तो त्यांच्या हाती कायमचा राहिला. त्यांच्या दुसऱ्या हातात जी वही होती ती चित्रकारांना फारशी भावली नसावी. नोव्हेंबर 1854 मध्ये 38 परिचारिका घेऊन नाइटिंगेलबाई क्रिमियाच्या युद्धासाठी उभारलेल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्यांनी स्वयंपाकघर नीट लावले, कपडे धुण्याची सोय केली, रात्री दिवा घेऊन मैलभर लांब रांगांमधून फिरल्या. आणि तरीही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. 1855 च्या फेब्रुवारीत तिथला मृत्यूचा आकडा शेकडा 42 च्या आसपास होता. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोगाची माणसे आली. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाण्याच्या वाटेत सडणारी घाण काढली, भिंतींना चुना दिला, बंद खिडक्यांतून हवा आत घेतली. जूनपर्यंत आकडा शेकडा दोनवर आला होता.

युद्धानंतर लंडनला परतून विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञांच्या सोबतीने त्या हे सगळे मोजायला बसल्या. 1858 साली त्यांनी काढलेली ती पाकळ्यांची आकृती प्रसिद्ध आहे. जखमांनी मेलेल्यांचा लाल भाग, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा निळा भाग, आणि निळ्याने लाल जवळपास गिळून टाकलेला. त्याच वर्षी सांख्यिकी संस्थेने प्रथमच एका स्त्रीला सभासद करून घेतले, त्या नाइटिंगेलबाईच. पण या गोष्टीतली खरी हिंमत आकृती काढण्यात नाही. ज्या रुग्णालयात आपण स्वतः दिवा घेऊन फिरलो, त्याच रुग्णालयातला मृत्यूंचा हिशेब त्यांनी जगापुढे ठेवला. करुणेने ओथंबलेल्या हातांखाली गटार तुंबलेलेच होते, हे स्वतःच्या वहीत वाचायला लागणे आणि ते पान फाडून न टाकणे, हे कुठल्याही शपथेहून अवघड असले पाहिजे. (आपल्याकडच्या छावण्यांतल्या गटारांचीही त्यांनी अशीच झाडाझडती घेतली. हिंदुस्थानात पाऊल न टाकता, ठिकठिकाणी प्रश्नावल्या धाडून; 1863 च्या शाही आयोगाच्या अहवालामागे ती मेहनत आहे.)

आज त्या एखाद्या वॉर्डात आल्या तर तसबिरीकडे पाहणारही नाहीत. नोंदवही मागतील.

वॉर्डात रोज घडणाऱ्या अगदी साध्या गोष्टी घेऊ. उद्या ऑपरेशन आहे, म्हणून खाटेला पाटी लटकते: एनबीएम. रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही. यादीत नंबर शेवटचा असेल, तर वैशाखातल्या उकाड्यात दुपारी दोनपर्यंत म्हातारा माणूस कोरड्या ओठांनी पडून राहतो, आणि नातेवाईक चोरून चमचाभर पाणी देतात की काय यावर सिस्टरला डोळा ठेवावा लागतो. पोटाची किंवा श्वासाची वेगळी अडचण नसलेल्या रुग्णाला भुलीआधी दोन तासांपर्यंत साधे पाणी चालते, हे भूलशास्त्राच्या मार्गदर्शक सूचनांत येऊन पाव शतक उलटले. वॉर्डातल्या कितीतरी सिस्टरना हे ठाऊक आहे. तरी पाटी बारा वाजताच लागते. कारण ती नेहमीच बारा वाजता लागत आली आहे, आणि यादी ऐनवेळी पुढेमागे झाली तर बोलणी कोणी खायची हेही ठरलेले आहे.

हाताच्या शिरेत घातलेली सलाईनची सुई, जिला वॉर्डात इंट्राकॅथ म्हणतात, तिचेही तसेच. ती दर तीन-चार दिवसांनी बदलायचीच, चांगली चालत असली तरी, असा शिरस्ता आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकर्ड या परिचर्या-संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णालयांत 3,283 रुग्णांवर हे तपासले आणि 2012 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ठरल्या दिवशी सुई बदललेल्यांत आणि गरज दिसली तरच बदललेल्यांत शीर सुजण्याचे प्रमाण सारखेच निघाले, शेकडा सात. म्हणजे एरवी पुन्हा टोचून घ्यावे लागणाऱ्यांचे ते टोचणे वाचू शकते. ऐकायला किती सोपे! पण त्यात एक अट दडलेली आहे: सुईची जागा रोज, प्रत्येक पाळीत, कोणीतरी डोळ्यांनी पाहिली पाहिजे. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एकच सिस्टर असेल, तर ‘गरज दिसली तर’ यातले ते दिसायचे कोणाला? अशा वॉर्डात जुना शिरस्ताच अधिक सुरक्षित, असे कोणी म्हटले तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. शास्त्र कागदावर सुटे असते. वॉर्डात येताना ते मनुष्यबळाचा हात धरूनच येते.

आणि मग पाठ. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ हा परिचर्येचा सगळ्यात जुना आरसा. पूर्वी पाठीला स्पिरिट लावायचे, पावडर टाकायची, हाडाच्या उंचवट्यांवर जोरजोरात चोळायचे, माकडहाडाखाली हवेची गोल गादी सारायची. कितीतरी घरांतही हेच चालत आले. डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने वृद्धांच्या वॉर्डांत हे सगळे बारकाईने पाहिले, आणि 1962 साली त्यांच्या अभ्यासातून पुढे आले की मलमे आणि चोळणे यांच्यात फारसे बळ नाही. बळ आहे ते रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवण्यात, दाब हलवण्यात. चोळल्याने नाजूक कातडीला उलट इजा होते, हेही पुढे स्पष्ट झाले. एका परिचारिकेने विचारलेला प्रश्न, परिचारिकेनेच शोधलेले उत्तर.

कुशीवर वळवणे म्हणजे काय असते, हे आपल्या मुंबईने जगाला दाखवले आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 च्या नोव्हेंबरात हल्ला झाला, आणि त्यानंतर 18 मे 2015 ला त्या गेल्या तोपर्यंत, बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात ज्या गोष्टीची आश्चर्याने दखल घेतली ती हीच, की इतकी वर्षे अंथरुणावर असून त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते. आपण त्या सेवेला ममता म्हटले. ममता होतीच, त्यांच्यातल्या अनेकींनी अरुणाताईंना कधी चालताबोलता पाहिलेलेही नव्हते. पण नुसत्या ममतेने बेचाळीस वर्षे कातडी शाबूत राहत नाही. त्यासाठी प्रत्येक पाळीने पुढच्या पाळीला ‘ओव्हर’ देताना सांगावे लागते, शेवटचे कधी वळवले, कुठल्या कुशीवर आहे, टाचेजवळ लाली दिसते का. पिढ्या बदलल्या, निवृत्त झाल्या, आणि ते ओव्हर चुकले नाही. दुसरी गोष्ट आपण फारशी आठवत नाही: मधल्या काळात ती खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याचा विचार महापालिकेने केला, तेव्हा परिचारिकांनी विरोध केला, आणि प्रशासनाने तो मानला. ती मान्यता नसती तर पुढचे ओव्हर द्यायला खाटच उरली नसती.

इथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. बी. एस्सी. नर्सिंगच्या मुलींना संशोधन हा विषय असतो. शेवटच्या टप्प्यात प्रकल्प करावा लागतो, प्रश्नावली, तक्ते, निष्कर्ष असे सगळे. सोनेरी अक्षरांच्या काळ्या बांधणीत तो प्रकल्प ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि मुलगी वॉर्डात जाते. त्या दोघांची पुन्हा गाठ पडत नाही. पहिल्याच महिन्यात तिने एखाद्या गोष्टीला ‘मॅडम, पण आम्हाला तर असं शिकवलंय’ म्हणून सुरुवात केली, की उत्तर येते, ‘ते कॉलेजात. इथे असं चालत नाही.’ हे उत्तर देणारी इनचार्ज सिस्टर दुष्ट नसते. तिच्याकडे चादरींचा हिशेब असतो, इंडेंट अडकलेले असते, डेड स्टॉकच्या रजिस्टरात दोन ट्रे कमी भरत असतात, नाईटची एक जण आजारी पडलेली असते आणि डबल ड्युटीला कोण थांबणार याचा फोन चालू असतो. तीस वर्षांपूर्वी तिलाही कोणीतरी हेच उत्तर दिले होते.

अमेरिकेत सँड्रा फंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली परिचारिकांनाच विचारले, की संशोधनातले कळलेले तुम्ही वापरत का नाही. आपल्याला वाटेल, उत्तर येईल: वाचता येत नाही, समजत नाही, नियतकालिके मिळत नाहीत. तीही उत्तरे आली. पण सगळ्यांत वर होती दोन: रुग्णसेवेच्या पद्धती बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे वाटत नाही, आणि कामाच्या तासांत वेळ नाही. पुढे ती प्रश्नावली देशोदेशी फिरली, आणि या दोन तक्रारी पुन्हा पुन्हा वर येत राहिल्या. अधिकार आणि वेळ. या दोन्ही गोष्टी परिचारिकेच्या ट्रेमध्ये नसतात. त्या मेट्रनच्या, अधीक्षकांच्या, अधिष्ठात्यांच्या खोलीत असतात, सरकारी भाषेत सांगायचे तर परिसेविका आणि अधिसेविका या पदांच्या अंगाने खाली झिरपतात, किंवा झिरपत नाहीत.

झिरपल्या तर काय होते, त्याच्या गोष्टी आहेत. परिचारिका दिनाच्या आठवडाभर आधी, 5 मे रोजी, हातांच्या स्वच्छतेचा जागतिक दिवस असतो. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिएर पिटे यांच्या गटाला नव्वदीत दिसले, की काम जितके जास्त तितके हात कमी धुतले जातात. साबण लावून बेसिनपाशी दर वेळी जायचे तर पाळी त्यातच संपेल! त्यांनी परिचारिकांना उपदेश केला नाही. अल्कोहोलचे हँड रब खाटेपाशी आणून ठेवले, आणि रुग्णालयाच्या वरिष्ठांनी त्या मोहिमेमागे पैसा आणि स्वतःचे वजन उभे केले. 1994 ते 1997 या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण 48 टक्क्यांवरून 66 वर गेले, रुग्णालयात लागणारे संसर्ग 16.9 टक्क्यांवरून 9.9 वर आले. आज आपल्या गावच्या दवाखान्यातही भिंतीवर लटकणाऱ्या त्या बाटलीची ही कुळकथा.

त्याहून बोलकी गोष्ट अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची. आयसीयूत मानेजवळच्या मोठ्या शिरेत घालायच्या नळीमुळे संसर्ग होतात, म्हणून पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी 2001 साली पाच साध्या पायऱ्या एका कागदावर लिहिल्या. परिचारिकांनी महिनाभर नुसते पाहिले: एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांत डॉक्टर निदान एक पायरी गाळत होते. मग प्रशासनाने एक गोष्ट केली जी कागदाहून मोठी होती. पायरी चुकली तर परिचारिकेने डॉक्टरला थांबवायचे, आणि तिच्या मागे आम्ही उभे आहोत, असे त्यांनी सांगितले. वर्षभरात नळीच्या संसर्गांचे प्रमाण 11 टक्क्यांवरून शून्यावर आले. पुढे हाच कागद मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये गेला, तेव्हा प्रत्येक विभागाला रुग्णालयाचा एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला गेला. त्यांनी वॉर्डात येऊन पाहिले तर यादीत लिहिलेला क्लोरहेक्सिडिन साबण एक तृतीयांशाहूनही कमी आयसीयूंत उपलब्ध होता. आता तो साबण कुठली परिचारिका आणणार? तो खरेदीचा प्रश्न होता आणि खरेदी ज्यांच्या सहीने होते त्यांनीच तो सोडवला. आपल्याकडे ‘थांबा डॉक्टर’ हे दोन शब्द एखाद्या तरुण सिस्टरने आयसीयूत म्हटल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. चित्र येत नसेल, तर दोष तिच्या ज्ञानात शोधू नये.

दूर कशाला, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात याचेच एक फार हळवे रूप आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायचे, ज्याला कांगारू मदर केअर म्हणतात, ते बाळ स्थिरावल्यावर सुरू करायचे असा दंडक होता. जन्मल्याबरोबर सुरू केले तर? भारतात सफदरजंगला आणि आणखी चार देशांत, तीन हजारांहून अधिक बाळांवर हे पाहिले गेले, आणि 2021 साली कळले की पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू शेकडा 15.7 वरून 12 वर येतात. फायदा इतका स्पष्ट की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. पण बाळ नवजातांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, आणि आई दोन मजले खाली बाळंतिणींच्या वॉर्डात असेल, तर छातीशी धरायचे कसे? त्यासाठी आईची खाट एनआयसीयूत न्यावी लागली. ‘आत कोणाला सोडायचे नाही’ ही पिढ्यांची पाटी कोणीतरी अधिकाऱ्याने उतरवावी लागली. पुरावा आला, आणि त्याने पहिल्यांदा मागितली ती एक खाट!

मनुष्यबळाविषयी तर आता वाद उरलेला नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या 300 रुग्णालयांचा अभ्यास 2014 साली मांडला. प्रत्येक परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या महिनाभरात दगावण्याच्या शक्यतेत शेकडा सातची भर पडते; पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की ती तितकीच उतरते. हे वाचून आपल्या वॉर्डांकडे पाहावेसे वाटत नाही. पण पाहायला हवे, कारण रिक्त पदांच्या फायलीवर सही करणारे आणि त्या सहीची वाट न पाहता ‘सिस्टर, सलाईन संपलंय, किती वेळा सांगायचं!’ म्हणून कॉरिडॉरमध्ये ओरडणारे, दोघेही आपणच आहोत.

पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, हे शोधायला आपल्याला जिनिव्हाला जायची खरे तर गरज नाही. पुण्यात 1909 साली सेवासदन उभे राहिले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त आणि मळ काढायचा, रात्री घराबाहेर राहायचे, हे काम भल्या घरच्या बाईचे नव्हे असे ज्या काळात सगळ्यांना वाटत होते, त्या काळात रमाबाई रानडे यांनी मुलींना, त्यांत विधवाही होत्या, परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात धाडले. लोक बोलायचे ते बोललेच. ते बोलणे मुलींच्या कानी पडण्याआधी रमाबाईंनी आपल्या अंगावर घेतले. आजच्या कारभाराच्या पुस्तकांत याला काहीतरी भारदस्त नाव असेल.

आज लोक वेगळे बोलतात, धोका वेगळा आहे. आजच्या अधिसेविकेला कदाचित एवढेच करायचे आहे, की आठवड्यातला एक तास ड्युटीच्या यादीत ‘वाचन’ म्हणून लिहायचा आणि तो डबल ड्युटीला बळी जाऊ द्यायचा नाही. नव्या मुलीच्या काळ्या बांधणीच्या प्रकल्पातले एक पान मागून घ्यायचे. आणि तिने पाठीला स्पिरिट चोळणे बंद केले म्हणून कोणी तक्रार घेऊन आले, तर ‘मी सांगितलं तिला’ असे म्हणायचे. ते खरे नसले तरी. एवढ्या खोट्याला नाइटिंगेलबाईंचीही हरकत नसावी, एरवी त्या आकड्यांच्या बाबतीत फार कडक होत्या.

संध्याकाळी आठ वाजता पोर्चमधली रांगोळी दिवसभरच्या स्ट्रेचरांनी पुसून गेलेली असते. समईतले तेल संपलेले असते, तसबीर पुन्हा मेट्रनच्या खोलीत. वॉर्डात दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि ओव्हर सुरू होते. बेड नंबर सातच्या आजोबांचे उद्या ऑपरेशन आहे, यादीत पाचवे. येणारी विचारते, पाणी कधीपर्यंत? जाणारी क्षणभर थांबते, भूलतज्ज्ञांना फोन लावते, दोन मिनिटे बोलते. मग एनबीएमच्या पाटीवरचे बारा खडूने खोडून तिथे दुसरी वेळ लिहिते, आणि तीच वेळ वहीत, सहीसकट.